पाचर तुम्ही ठोकली होती

आप्पा, मी इटलीत आहे, फ्लॉरेन्सला. कंपनीनं नव्या प्रेस मशीनच्या ट्रेनिंगला पाठवलंय. आज रविवार, म्हणून इथला जुना सिन्योरिया चौक बघायला आले. तुम्हाला वाटेल, कारंजी आणि कबुतरं असतील. इथं कमानीखाली एका तरुणाचा काशाचा पुतळा उभा आहे. एका हातात तलवार, दुसऱ्या हातात केसांना धरून उचललेलं बाईचं मुंडकं, पायाखाली तिचं धड. मानेतून रक्त लोंबतंय, तेही काशाचं. शेजारी एक दांडगा संगमरवरी माणूस किंचाळणारी बाई उचलून चाललाय. पुढं फरशीत एक गोल दगड बसवलाय. तिथं पाचशे वर्षांपूर्वी एका साधूला फासावर लटकवून खाली जाळ केला होता. त्या दगडावर उभं राहून लोक आइस्क्रीम खातायत.

मला मात्र बजाजनगरची आपली खोली दिसते. मी सातवीत आहे. समोरच्या खोलीतले काका तुमच्यानंतरच्या पाळीला त्याच प्रेसवर उभे राहतात. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबली तरच प्रेस पत्र्यावर खाली यायची, म्हणजे हात आत सापडू नये. तुम्ही डाव्या बटणात बांबूची पाचर ठोकायचात, म्हणजे ते दाबलेलंच राहायचं. एक हात मोकळा, नग जास्त. जेवताना हसत सांगायचात. त्या दिवशी पाचर तशीच राहिली आणि काकांचा डावा पंजा चेचला गेला. काकू आपल्या दारात ऊर बडवत होत्या, "यांनी कशाला लावली वो पाचर?" मी बोलून गेले, "आप्पा, पाचर तर तुम्ही..." तुम्ही मला आत ओढलं, कडी घातली, कमरेचा पट्टा काढला. "पुन्हा बोललीस तर जीभ हासडीन!" आई मधे पडली, तिचं डोकं भिंतीवर आपटलंत. माझा ओठ फाटला. रक्त गिळत मी गप्प झाले. चौकशीत दोष काकांवर गेला. नोकरी सुटली, ते अजिंठ्याकडं गावी निघून गेले.

पुढं तुम्ही वारलात. मी इंजिनिअर झाले, घरातली पहिली पदवीधर. वाळूजला कामगारांना मी हेच शिकवते, बटणात काही अडकवू नका. दर वेळी वाटतं, मी स्वतः खरं बोललेली नाही, यांना कोणत्या तोंडानं नियम सांगते? म्हणून आज त्या पुतळ्यासमोरून काकांना फोन लावला. सगळं सांगितलं.

काका म्हणाले, "मला ठाव हाय की, पोरी. पाळीला उभा राहिलो तवाच दिसली व्हती पाचर. काढली नाय. मलाबी नग जास्त काढायचे व्हते." आणि हसले, "तिकडं भाकर मिळती व्हय गं?"

"नाही मिळत," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

तेव्हापासून पायऱ्यांवर बसून हे लिहितेय. पाठवायला पत्ता नाही. पण एक कबूल करते. काकांच्या मनात तुमच्याबद्दल काही राग नाही, याचं मला बरं वाटलं नाही. त्यांनी तुम्हाला घाणेरड्या शिव्या द्याव्यात, आणि मी त्या ऐकाव्यात, यासाठीच मी फोन लावला होता.