मास्तरांचा गळा

३ मार्च, सोमवार
नाही, मला अजिबात भीती वाटत नाही! दाराला एक कडी आहे, ती पुरते. इतकी वर्षं पुरली. दुसरी लावायची ती काय आतल्या माणसाला कोंडायला?

पोराचा फोन येऊन गेला. त्याने मोबाइलवर कुठला तरी नकाशा काढलाय. शहरात कुठे किती चोऱ्यामाऱ्या होतात ते रंगाने दाखवतात म्हणे. आमची गल्ली लाल! "लालभडक आहे आई! दरवर्षी वाढतंच चाललंय." म्हटलं, गल्ली मी रोज बघते, मला तर धुळीच्याच रंगाची दिसते.

मग आला मुद्द्यावर. घर विक, माझ्याकडे ये. मशीन? मशीनला त्याच्याकडे जागा नाही. "आता कशाला शिवतेस? आराम कर." आराम! म्हणजे बाराव्या मजल्यावर खिडकीत कुंडीसारखं बसायचं. सून वेळच्या वेळी पाणी घालेल. वाईट नाही ती. पण मला कुंडी व्हायचं नाही.

५ मार्च, बुधवार
माझ्या डोक्यावर राहतो त्याला सगळी गल्ली हवालदार म्हणते. पोलिसात कधीच नव्हता. जन्मभर खुर्च्या विकल्या. आता गल्लीच्या सुरक्षेचा ग्रुप चालवतो. मलाही घातलंय त्यात. दिवसभर टुंग टुंग! "संशयित इसम, निळा शर्ट, जिन्याखाली घुटमळत आहे." बघते तर मीटर वाचणारा! काल "जिन्यात बेवारस बॅग, कोणीही हात लावू नये." माझीच. चिंध्यांची.

जिन्यात गाठून म्हणतो, "वहिनी, एकट्या असता. कसलाही आवाज आला तर लगेच ग्रुपवर टाका."
म्हटलं, "मला तुमच्या घोरण्याशिवाय काही ऐकू येत नाही. ते टाकू?"

८ मार्च, शनिवार
समोरच्या दारातल्या मास्तरांचा शर्ट बेतला. मास्तर लेकीकडे गेलेत, सोमवारी येतील. मला सांगून गेले, ग्रुपला नाही. शहाणा माणूस.

काजं-बटणं नणंद करते, कापलेले तुकडे तिच्या घरी नेऊन. तिला ऐकू कमी येतं. तिच्याशी फोनवर बोलायचं म्हणजे सभेत भाषण ठोकायचं. त्यामुळे आमच्यात सगळं थोडक्यात. बाहीला आम्ही हातच म्हणतो. बाही-बाही करत कोण बसणार!

९ मार्च, रविवार
घरी पोलीस येऊन गेले!

झालं असं. सकाळी खिडकीत उभी राहून नणंदेला फोन लावला. "वन्सं, मास्तरांचा गळा कापून झाला! हात राहिलेत! पाठ फार रुंद हो, दोन तुकडे करावे लागले! सगळं पिशवीत भरून ठेवते, अंधार पडायच्या आत घेऊन जा!" ती म्हणते, "काय कापलंस, वहिनी?" मी आणखी वर आवाज काढून — "गळा!"

वरच्या खिडकीत हवालदार. समोर मास्तरांच्या दाराला कुलूप. झालं!

दोघं आले. एक जाडजूड साहेब, एक तरणी शिपाईणबाई. साहेब म्हणाले, "आजी, मास्तर कुठायत?"
मी म्हटलं, "त्या पिशवीत." माझ्या डोक्यात शर्ट ना!

साहेबांचा चेहरा उतरला. पोरगी धीट. तिने पिशवीत हात घातला. एक बाही निघाली, मग दुसरी, मग पाठ. हसता हसता ती मशीनच्या स्टुलावरच बसली. मग साहेबही हसायला लागले. त्यांची पँट मागून उसवली होती. म्हटलं काढा, दोन टाके घालून देते. नको म्हणाले. भित्रे!

हवालदार दारात, चप्पल न घालताच आलेला. "वहिनी, मी आपलं तुमच्या काळजीपोटी..."
"माझ्या? कापले गेले ते मास्तर ना?"

१० मार्च, सोमवार
मास्तर आले. "माझा खून झाला म्हणे?"
"झाला. बटणं राहिलीत."

१२ मार्च, बुधवार
पोराचा फोन. आवाज चढलेला. नकाशावर आमच्या बिल्डिंगवर नवा ठिपका आलाय — खुनाचा संशय. "आई, तुझ्या समोरच्या घरात खून झाला आणि तू मला सांगितलं नाहीस!"
म्हटलं, "अरे, तो मीच केला."

सगळं सांगितलं. हसला नाही. बाप असता तर पोट धरून लोळला असता. हा म्हणतो, "मग ठिपका अजून का आहे?" ठिपका मी पुसू का? फळ्यावर काढलाय?

मग एकदम हळू बोलायला लागला. "आई, रात्री फोन वाजला की उचलायची भीती वाटते गं. तुला काही झालं तर मला सांगणार कोण? तू तर सांगायची नाहीस."

काहीतरी फटकन बोलावं म्हटलं, पण फोन नुसताच या कानावरून त्या कानावर घेतला.

शेवटी म्हणाला, "आता शेवटचं सांगतो. यापुढे काही एक झालं, साधं पाकीट मारलं तरी, मी टेम्पो घेऊन येतो. सामान भरायचं आणि निघायचं." म्हटलं, बरं. हो म्हणून बसले. काय करणार, रडत होता मेला.

नंतर मशीनवर बसले तर दोरा सारखा तुटत होता. दोराच हलका आलाय यावेळी.

१५ मार्च, शनिवार
मास्तरांना शर्ट बसला. गळा जरा घट्ट झालाय. तोंडाने छान म्हणाले, मान मात्र सारखी वळवत होते. सैल करून देईन.

१९ मार्च, बुधवार
डाव्या हाताने लिहितेय. उजवा प्लास्टरात. काल भरदुपारी, दूधवाल्याच्या दुकानासमोर. मोटारसायकलवर दोघं. पर्स सोडली नाही म्हणून फरफटत गेले.

हवालदारच धावत आला. त्यानेच दवाखान्यात नेलं. त्याला बजावलंय — ग्रुपवर एक अक्षर टाकलंत तर बघा! मान खाली घालून हो म्हणाला.

पोराला सांगितलं, मोरीत पाय घसरला. डॉक्टरलाही तेच. पोलिसांना काहीच नाही.

पाय घसरला. बस्स. याउपर मी एक शब्द लिहिणार नाही.