तिसरा खटका

४ फेब्रुवारी, सकाळी ८
आजपासून काम सुरू. पिकअपचा जुना गिअरबॉक्स काढायचा, ऑटोमॅटिक बसवायचा. चार गिअरचा. चौथा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे रस्ता मोकळा मिळाला की तो आपणहून पडतो आणि इंजिन ओरडायचं थांबतं. क्लच नाही. डाव्या पायाला कायमची सुट्टी.

हिचा डावा गुडघा ऑपरेशननंतर क्लच दाबू देत नाही. तेवढ्यासाठीच बिचारी मुलीकडे अडकली आहे. आठ दिवसांसाठी गेली होती, आज चौदावा आठवडा. याच गाडीवर आम्ही दोघांनी लोकांची कपाटं वाहून धंदा उभा केला. निम्म्या फेऱ्या हिच्या. गाडी झाली की येईल. तसं मी विचारलेलं नाही. विचारायचं काय त्यात?

संकल्प: तीन आठवडे. २५ तारखेला चावी हिच्या हातात.

४ फेब्रुवारी, दुपारी
जुना गिअरबॉक्स उतरवताना जॅक घसरला. बॉक्स छातीवर. पाऊण तास मी आणि बॉक्स एकमेकांकडे बघत पडलो होतो. एरवी ही जॅकचा दांडा धरून ओरडायची, अहो, डोकं बाजूला घ्या! आज मीच ओरडलो, अहो, डोकं बाजूला घ्या. घेतलं.

७ फेब्रुवारी
भंगारवाल्याकडून ऑटोमॅटिक बॉक्स आणला. एका रिटायर्ड बाईंची गाडी होती म्हणे, जन्मात चाळीसच्या वर गेली नाही. मग पुढून एवढी चेपली कशी, विचारलं. तर म्हणतो, काका, समोरचा जोरात होता. मला कोणी फसवू शकत नाही. तरी घेतला, कारण दुसरा नव्हता.

११ फेब्रुवारी
हिचा फोन. मी गाडीखाली. स्पीकरवर टाकून काम चालू ठेवलं. मुलीच्या गाडीबद्दल बरंच काही सांगत होती. मग रविवार, बस, स्टँड असं काहीतरी. नेमका तेव्हाच वर्षानुवर्षं गंजलेला एक बोल्ट सुटायला आला होता. हो हो म्हणालो. खूश वाटली. या वयातही आमचं छान जमतं.

१३ फेब्रुवारी
नवा बॉक्स जुन्यापेक्षा वीतभर लांब. म्हणजे मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट वीतभर कापायला हवा. लेथवाल्याकडे गेलो. जुना दोस्त, तोंडाने फटकळ. मोजलंस का, म्हणाला. म्हटलं, नजरेत आहे. तुझी नजर घरी ठेव, म्हणाला, आणि स्वतः टेप घेऊन आला. माझ्या नजरेत आणि टेपमध्ये चार बोटांचा फरक निघाला. टेप जुनी असावी.

जाताना बजावलं, कन्व्हर्टर बसवताना तीन खटके मोज. (कन्व्हर्टर म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधला, घमेल्याएवढा तेल भरलेला गोळा. फिरवत फिरवत आत ढकलायचा.) दोनच पडले तर बोल्ट लावू नकोस, आतला पंप फुटेल. मी म्हटलं, मला शिकवतोस? तीन घरं पलीकडची बेअरिंग गेलेली मला अंथरुणात कळते. त्यावर म्हणाला, वहिनी कधी येणार? म्हटलं, गाडी झाली की. तसं त्या म्हणाल्यात का? म्हटलं, तिचा गुडघाच म्हणतोय. तो टेप गुंडाळत बसला.

१४ फेब्रुवारी
हिचा पुन्हा फोन. परवाचंच काहीतरी. हो हो म्हणालो. कानात ड्रिल मशीनचा आवाज होता.

१५ फेब्रुवारी
परत फोन. लक्षात आहे ना, असं विचारत होती. म्हटलं, अगं, माझ्या डोक्यात दुसरं काही नाहीच. खरंच नाही. सकाळपासून डोक्यात कन्व्हर्टर.

पूर्वी ही म्हणायची, अहो, इंजिनाचं एवढं ऐकू येतं तुम्हाला, थोडं माझंही ऐका. तिला माझ्या कानांचा अभिमान होता.

१६ फेब्रुवारी, रविवार
महत्त्वाचा दिवस. कन्व्हर्टर आत ढकलला, फिरवला. खट्. एक. पुन्हा फिरवला. खट्. दोन. मग अर्धा तास फिरवतोय. मध्येच फोन वाजायला लागला. हात तेलाने माखलेले, उचलला नाही. चार वेळा वाजला. तिसरा खटका त्या गोंगाटात पडून गेला असणार. दुसरं काय? तीन लिहितो.

बॉक्स इंजिनाला लावला तर मध्ये बोटभर फट. बोल्ट आवळून ओढून घेतला. आडमुठ्यांना असंच जवळ आणावं लागतं.

१९ फेब्रुवारी
फोन नाही. सोमवारीही नव्हता, मंगळवारीही. कामात अडथळा नको, हे ओळखलंय तिने. समजूतदार बाई.

क्लचचं पेडल काढून टाकलं. रबर एका बाजूने झिजलेलं, हिच्या चपलेच्या टाचेने. फेकणार होतो. खिडकीत ठेवलंय. कागद उडू नयेत म्हणून.

२२ फेब्रुवारी
गाडी चालू केली. पहिल्याच झटक्यात! गिअरबॉक्समधून बारीक रडल्यासारखा आवाज येतो. नवीन घर आहे, रुळेल. पुढचा गिअर टाकला, गाडी जागची हलली नाही. मागचा टाकला, तरी नाही. खाली तेलाचं थारोळं. या तीन गोष्टी सोडल्या तर काम फत्ते.

२३ फेब्रुवारी
लेथवाला आला. फाटकातूनच आवाज ऐकून विचारलं, खटके किती? तीन, म्हणालो. तो बाह्या वर करून गाडीखाली वाकला. मग मीच म्हणालो, दोन.

खोलला. पंपाचे तुकडे हातात दिले. तुला ऐकू येतं रे सगळं, म्हणाला, पण तू मोजतोस मनातलं. मी चहा ठेवतो म्हटलं. घरात दूध नव्हतं.

२५ फेब्रुवारी, सकाळी १०
ठरलेली तारीख. जरा उशीर होईल, एवढं सांगायला फोन केला. मुलीने उचलला. बाबा, स्पीकरवर घेते, आई गाडी चालवतेय, म्हणाली. कुठली गाडी? माझी, ऑटोमॅटिक. दोन महिने झाले चालवतेय, तिने सांगितलं नाही का?

मागून हिचा आवाज आला. सांगितलं होतं. रविवारी बसने या, मी स्टँडवर घ्यायला येते, असं म्हणाले होते मी. तीनदा सांगितलं. तीन बस बघितल्या. चार वेळा फोन केला.

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, या रविवारी येतो. या रविवारी मी नसते, म्हणाली. घाईघाईने म्हटलं, अगं, गाडी होतच आली आहे, सगळं तुझ्यासाठीच तर चाललंय. तिकडे इंडिकेटरची टिकटिक ऐकू आली. मग म्हणाली, मला विचारलं होतंत का?

तिकडे मोठा रस्ता लागला असावा. मी फोन कानाला घट्ट धरला. दुसरा गिअर पडला. तिसरा. मग चौथा पडला आणि इंजिनाचा आवाज एकदम खाली गेला, शांत.

चौथा पडलेला मला स्वच्छ ऐकू आला. फोन कधी बंद झाला ते कळलं नाही.