इकाम्यावरचा दुभाष्या

राबिघ, सौदी अरेबिया,
१२ सप्टेंबर २०१३

प्रिय मेहेक,

चौथी शिकलेल्या बाईला पत्र लिहायला बसवलंस म्हणून आधी तुझा कान पिरगाळते. फोन केला की "दादी, रिहर्सल आहे, नंतर बोलू." तुझं ते नंतर दोन वर्षं झाली तरी उगवत नाही. मराठी वाचायला तुला मीच शिकवलंय, तेव्हा इंग्रजी शाळेचं निमित्त सांगू नकोस. कळलं नाही तर दोनदा वाच.

तुझी टीव्हीवरची कामं पाहिली. तुझी आई लॅपटॉपवर लावते. आधी नर्स झालीस, मग दुकानदाराची बायको, मग त्या बॉम्बवाल्याची बहीण. तिन्ही ठिकाणी रडलीस. आपली बाई रडल्याशिवाय त्या गोऱ्यांना ओळखू येत नाही की काय गो? तुझा बाप समोर बसत नाही. स्वयंपाकघरात दाराआड उभा राहतो नि पाणी पितो. एका भागाला तीन तांबे! आता म्हणे लंडनच्या मोठ्या थिएटरात राणीचं मुख्य काम मिळालंय. राणीला तरी रडवू नकोस.

सातवीत तू राजा झाली होतीस. तेव्हा आपण जेद्दात राहायचो. मुलींच्या शाळेचा कार्यक्रम म्हणजे फक्त बायका, बाप्यांना आत मनाई. मी तुला काजळाने मिशा काढल्या. घामाने त्या ओघळून हनुवटी काळी झाली, बायका फिदीफिदी हसल्या, पण तू हुकूम सोडायची थांबली नाहीस. तुझा बाप दोन तास गेटाबाहेर उन्हात गाडीला टेकून. आम्ही बाहेर आलो तर मला विचारतो, "तो मोठ्या आवाजाचा राजा आपलाच ना?" मी म्हटलं, "नाही, शेजारणीचा." तेवढंच काय ते त्याने तुझं नाटक पाहिलं. म्हणजे ऐकलं.

मग दोन वर्षांपूर्वीचा तो तमाशा. तू इकडे यायला निघालीस, त्याने तुझ्या व्हिसाच्या फॉर्मवर धंदा 'शिक्षिका' लिहिला. तू फोनवर किंचाळलीस, "अब्बा, तुम्हाला माझी लाज वाटते!" आणि हा शहाणा म्हणतो, "हो, वाटते." झालं. तू तिकीट रद्द केलंस, त्याने बोलणं बंद केलं. लाज कसली, त्याला भीती होती, नटी लिहिलं तर व्हिसा देणार नाहीत म्हणून. पण त्याला एक शब्द शोधायला अर्धा दिवस लागतो आणि तुला अर्धं मिनिट थांबवत नाही. मी मधे पडले तर दोघांनी मलाच गप्प केलं.

आता त्याचं ऐक. बाप वीस वर्षं एसी दुरुस्त करतो हे तुला ठाऊक आहे. पण इकाम्यावर, म्हणजे इथे राहायच्या परवान्यावर, तो दुभाष्या आहे, हे कुणी सांगितलं होतं? एसी मेकॅनिकला इथे बायकापोरं आणता येत नाहीत. म्हणून कफीलने, म्हणजे ज्याच्या जामिनावर आपण इथे राहतो त्या मालकाने, त्याला कागदावर दुभाष्या केला, तेव्हा कुठे आपण सगळे आलो. तू त्या कागदावर वाढलीस गो.

यंदा सरकारचा हुकूम आला. इथली कामं इथल्या पोरांना द्या, बाहेरच्यांचं काम आणि इकामा जुळवा, नाहीतर चालते व्हा. तपासणीवाले येणार म्हणून कफीलने ह्याला टाय लावून टेबलाशी बसवला. टायची गाठ मी मारली, बकरी बांधतात तशी. तपासणीवाल्या पोराने कागद पुढे केला, म्हणाला, वाच आणि हिंदीत सांग. ह्याला अरबी येते ती एसीपुरती! घामाघूम होऊन ह्याने सांगितलं, "गॅस खलास, कॉम्प्रेसर खराब." तो पोरगा पोट धरून हसला, म्हणाला, "सदीक, दोस्ता, माझ्या घरी ये, माझाही एसी बिघडलाय." पण शेरा मारायचा तो मारलाच. मेहेक, तुझ्या खानदानात इतकं भिकार काम कुणी केलं नसेल. घरी येऊन टाय ओढायला लागला, गाठ सुटेना म्हणून मी कात्रीने कापला. म्हणाला, "अम्मा, पोरगी बरोबर बोलत होती. तिचा खोटा धंदा लिहायला नको होता." नि हातपाय धुवायला गेला.

इकाम्यावरचा धंदा बदलून मेकॅनिक केलं तर त्याला राहता येतं, आम्हाला नाही. तो म्हणाला, एकटा राहून कुणाचा एसी थंड करू? तीन नोव्हेंबरच्या आत सगळे कायमचे निघतोय, फायनल एक्झिट. तुझी आई उझमा भांडी बांधते आहे आणि दर तासाला सोडते आहे, कारण चहाचं पातेलं नेमकं खालच्या खोक्यात असतं.

आम्ही दोघी सरळ गावी जाऊ. त्याचं तसं नाही, म्हणून हे पत्र. काल तो विलायतेच्या व्हिसाचा फॉर्म भरत होता. मला चष्मा लावून वाचायला लावला. धंदा : एसी मेकॅनिक. कशाला जायचं : मुलगी नटी आहे, तिचं नाटक बघायला. सोबत मुलीची निमंत्रणाची चिठ्ठी लागते, ती जागा रिकामी आहे. तो मेला तरी मागणार नाही. तू त्याने मागितल्याशिवाय देणार नाहीस. म्हणून मी मागते. चिठ्ठी या आठवड्यात पाठव, आणि माझं नाव घेऊ नकोस. त्याला पुढच्या रांगेत बसव. राणी असलीस तरी आवाज त्या राजाचाच काढ. त्याला तेवढीच ओळख आहे.

तुझीच,
खवट दादी