चटईवर चिरंजीव

सोमवार, ४ तारीख
सूनबाई एक तारखेपासून कामावर रुजू होणार. मग दिवसभर बाळापाशी चिरंजीव. पण त्यांनी उचललं की बाळ भोकाड पसरतं. म्हणून बापलेकांसाठी थेरपी काढली आहे. आठ महिन्यांच्या जिवाला थेरपी! आमच्या वेळी असलं काही नव्हतं, तरी चिरंजीव कसे सरळ वाढले. सोबत मी जाणार. जन्मभर वर्ग सांभाळले. एक बाप काय अवघड!

बुधवार, ६
थेरपिस्ट बाई बोलायला गोड, पद्धत विचित्र. बापाने चटईवर बसायचं, बाळ नेईल तसं खेळायचं, शिकवायचं नाही. मी खुर्चीत, गप्प. गप्प बसणं मला सहज जमतं.
चिरंजीवांनी बाळ भाजीच्या पिशवीसारखं धरलं. बाळ रडलं. नाइलाजाने मी दोनच शब्द बोलले. पाठ धर, पाय बघ, खुळखुळा इकडून, तोंड जवळ नेऊ नकोस, हस जरा.

शनिवार, ९
आज बाईंनी बुधवारच्या खेळाचा व्हिडिओ दाखवला. आवाज फक्त माझा. अजून खणखणीत आहे. बाळाला हात लावण्याआधी चिरंजीव दर वेळी माझ्या खुर्चीकडे बघतात, हे बाईंनी थांबवून थांबवून दाखवलं. ऊर भरून आला. चाळिशीतही आईचा केवढा आधार! बाईंना तसं म्हटलं. त्या बराच वेळ पाणी पीत राहिल्या.
संकल्प : बुधवारी एक अक्षर नाही.

बुधवार, १३
एक अक्षर बोलले नाही. फक्त खुणा केल्या. बाई म्हणाल्या, आजी, बाहेर चहा छान मिळतो. मी म्हटलं, मी चहा घेत नाही. त्या म्हणाल्या, आज घ्या.
दाराच्या काचेतून पाहिलं. बाळ बापाच्या पोटावर चढून चष्मा चाटत होतं. बाप आडवा पडून हसत होता. चष्मा धुतलेला नव्हता! काचेवर टकटक केली. दोघांपैकी कुणी वळूनही पाहिलं नाही.
माझ्या मार्गदर्शनाला यश आलं.

बुधवार, २०
बाळ बापाच्या खांद्यावर झोपलं. बाई म्हणाल्या, आता बाळाला आणू नका, पुढच्या वेळी तुम्ही दोघंच या.
मी विचारलं, दोघं म्हणजे कोण?

बुधवार, २७
चटईवर मी आणि चिरंजीव. गुडघ्यांचं कारण सांगून पाहिलं. बाईंनी उशी दिली. आणि माझ्या खुर्चीत स्वतः बसल्या. खेळ मुलाने ठरवायचा, आईने शिकवायचं नाही.
चिरंजीवांनी जरा विचार केला, मग चेंडू माझ्याकडे ढकलला.
पुढे काय करायचं असतं ते कुणी सांगितलंच नव्हतं.
मी खुर्चीकडे पाहिलं.