परक्या हातची भाकरी

आत्याबाई, तुमच्या चुलीपुढं आता दुसरीच बाई बसती. दचकू नका, मीबी अजून दचकलेलीच हाय. तुमची सून म्हणून आले तेव्हा मला धड पातळ सावरत नव्हतं, आता मलाच नातसून यायची झाली. तरी ही गोष्ट सांगायला दुसरं माणूस सापडंना. पोराला सांगितली तर हसंल, शेजारणीला सांगितली तर गावभर करंल. तुम्ही निदान कुणाला सांगणार न्हाय.

झालं असं की न्हाणीत पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. उमरग्याला नेऊन पलास्टर घातलं. पुण्याचा पोरगा धावत आला आणि म्हणला, "आई, एक तर कामाला बाई लाव, न्हायतर माझ्यासंगं चल." त्याचं घर लई उंचावर. दार लावलं की आपण बरणीतल्या लोणच्यावानी. इथं नळदुर्गात हायवेच्या ट्रकांचा आवाज रातंदिस कानात असतो, पण माझं दार मी उघडते, मी लावते. ते सोडून जायचं म्हणजे जित्तेपणी उचलून नेल्यासारखं. म्हणून बाईला हो म्हणले. पण कानात तुमचंच बोलणं, "बाईच्या हातचं काम सुटलं की घर सुटलं." मी तापानं फणफणलेली असायची, तरी तुम्ही काठवट पुढं सरकवायच्या आणि म्हणायच्या, "ताप अंगाला हाय, हाताला न्हाय." तेच मी पुढं माझ्या सुनेला ऐकवलं. ती शहाणी, पुण्याला गेली.

बाई आली ती वरल्या आळीची, चाळिशीतली, ठसक्यात बोलणारी. ती यायच्या आत मी डाव्या हातानं खरकटं काढायची, भांडी राखेनं घासून पालथी घालायची. आपलं उष्टं परक्याच्या नजरेला पडू नये, ही तुमचीच शिस्त. ती मोरीत वाकून बघायची आणि म्हणायची, "मावशी, घासलेलीच घासू व्हय? का आरती ओवाळू ह्यांना?" म्या म्हणलं, "तोंड चालवायला ठेवलं न्हाय तुला." ती म्हणली, "मग हात तरी चालवू द्या." झाडलोट करू दिली, धुणं करू दिलं. चुलीला मात्र शिवू दिलं न्हाय. एका हातानं भाकरी थापायला येत न्हाय, म्हणून दुधात चुरमुरे कालवून दिवस काढले.

एक दिवस ती उशिरा आली आणि आल्या आल्या पदराखालून फडक्यात बांधलेल्या भाकरी काढल्या, वर पिठलं. "घरूनच करून आणल्या. तुम्ही काठवटीला हात लावू देत न्हाय म्हणून." आत्याबाई, तुम्हीच सांगा, परक्या घरनं फडक्यात बांधलेली भाकरी आपल्यात कधी येती? घरात मयत झालं, चूल पेटत न्हाय, तेव्हा भावकी घेऊन येती. कडू घास. तुम्ही गेल्या त्या दिवशी अशाच आल्या होत्या, कोपऱ्यात तशाच पडून राहिल्या. आणि ही माझ्या उंबऱ्यात उभी हाय, तोंडभर हसतीय, हातात कडू घास. म्या म्हणलं, "मेले का गं मी? का वाट बघतीस?" अजूनबी लई बोलले, ते लिहीत न्हाय. तिचं हसू गेलं. फडक्याची गाठ पुन्हा मारली आणि म्हणली, "भूक जित्या माणसाला लागती, मावशी." आणि गेली. दुसऱ्या दिवशी आली न्हाय, तिसऱ्या दिवशीबी न्हाय. पोराला कुणी कळवलं देव जाणे. त्याचा फोन आला, "रविवारी गाडी घेऊन येतो. सामान बांधून ठेव." म्हणजे आता जायचंच.

मग उठले आणि गेले तिच्या आळीला. अंगणात नळाखाली एक गडी माणूस उकिडवा बसून कढई घासतोय. तिचा नवरा, ट्रकवर ड्रायव्हर हाय. म्या झटक्यानं पदर तोंडावर ओढला, जसं काय तो उघडाच अंघोळ करत होता. तो म्हणला, "या मावशी, आत हाय ती," आणि पुन्हा कढईला लागला. समोरची म्हातारी शेंगा फोडत बसलेली, तिला काही नवल न्हाय. मी आत गेले आणि पटकन विचारलंच, "अगं, गडी भांडी घासतोय तुझा, लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, भांडी लख्ख निघाली. रस्त्यावर असला की त्याचं तो रांधून खातो. घरात आलं की हात झडत्यात व्हय?"

ती भाकरी थापत होती. माफी मागायला मला येत न्हाय, तुम्ही शिकवलीच न्हाय. म्हणलं, "उद्या ये." ती म्हणली, "भाकरी करू देताल?" तिनं पाट सरकवला, तव्यावरची भाकरी काढून निखाऱ्याला उभी केली, ती टम्म फुगली, तशीच वाफाळती ताटलीत टाकली, वर जवसाची चटणी आणि तेल. नको म्हणायला तोंड उघडलं आणि त्याच तोंडानं घास घेतला.

आत्याबाई, मला ठाव नव्हतं. जन्म गेला भाकरी थापण्यात, हाताचे घट्टे तुम्ही बघितलेत, आणि फुगल्या भाकरीचा पापुद्रा जिभेवर कसा लागतो ते मला ठाव नव्हतं. आधी गडी जेवायचे, मग पोरं, मग तुम्ही, आणि तुमचीबी निवलेलीच, कारण वाढायला तुम्ही उभ्या. शेवटी मी, तवर भाकरीचं कातडं झालेलं. घरादाराला आपण गरम घातलं आणि आपल्यातल्या एकीनंबी कधी गरम खाल्ली न्हाय. हे कळायला मनगट मोडावं लागलं. घास तोंडात तसाच राहिला. ती म्हणली, "काय झालं मावशी? मीठ कमी हाय का?" म्हणलं, "गप. दुसरी टाक."

आता ती रोज येती. पोरगा गाडी घेऊन आला तो जेवून एकटाच परत गेला. उष्टं ताट मी मोरीत तसंच सोडते. आधी हात शिवशिवायचे, आता न्हाय. माझं खाणं झालं की तिला पाटावर बसवते आणि तिच्या वाटणीची भाकरी डाव्या हातानं उलथून तिला तव्यावरनंच वाढते. पलास्टर निघालेलं समद्यांनी बघितलंय. ठणका कधीच गेला, ते मात्र कुणाला म्हाईत न्हाय. पोरगा फोनवर विचारतो, "आई, हात कसा हाय?" मी म्हणते, "उचलत न्हाय रे अजून." तो म्हणतो, "मग बाई राहू दे." मी म्हणते, "राहू दे बाबा, काय करायचं."

हे समदं उजव्या हातानं लिहिलंय. ती यायच्या आत चुलीत घालते.