योगेशच्या बोटांचे घट्टे

पांढुर्णा
६ जानेवारी २०२५

चि. हेमराज यास सुधाताईचे अ. उ. आ.

पत्र पाहून दचकशील म्हणून आधीच सांगते, घरी सगळे ठीक आहेत. फोन मुद्दाम केला नाही. फोनवरचं बोलणं नंतर कोणी कबूल करत नाही. सहा वर्षांपूर्वी पूनमच्या स्थळाची चौकशी करून तू कार्ड लिहिलं होतंस: मुलगा निर्व्यसनी, घराणं चांगलं, काळजी नसावी. ते कार्ड मी झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेट करून घेतलं आहे. देव्हाऱ्याच्या खणात असतं. पूनम दीड वर्षात एका बॅगेनिशी परत आली. तू चौकशी मुलाच्या काकाकडे चहा पिऊन केली होतीस, हे मला नंतर कळलं. तेव्हा बोलायचं ते बोलून झालं आहे, पुन्हा बोलत नाही.

आता धाकट्या तृप्तीची पाळी आहे. काल तुमच्या सौंसरहून मुलगा पाहायला आला होता. नाव योगेश. उद्यान विभागात आहे, संत्र्याच्या बागा तपासत फिरतो. बोलायला नम्र, दिसायला बरा. तृप्तीला आवडला, ते तिने भांडी विसळताना गुणगुणून कळवलं. पण पोह्यांची बशी घेताना मी त्याचे हात पाहिले. कापूस वेचायला बाया यायच्या तेव्हा बाबा मलाच पुढे करायचे ना? हात पाहून कामाची कोण ते मी सांगायची. बोंडांनी ओरखडलेला हात, कुदळीचा हात, लेखणीचा हात, सगळे मला कळतात. हा कळला नाही. डाव्या हाताच्या चार बोटांची टोकं पिवळी, घट्टे पडलेली, त्यावर तारेने कापावं तशा बारीक रेघा. उजवा तळवा मऊ, आणि अंगठ्याभोवती अंगठी घातल्यासारखा वळ. मी विचारलं, तर हात मांडीखाली लपवले आणि शेजारी बसलेल्या आपल्या वडिलांकडे चोरून पाहत म्हणाला की बागेतलं काम असतं. बागेतलं काम एकाच हाताच्या टोकांनी कोण करतं?

शोध घे. जे दिसेल ते लिहून कळव, खाली सही कर. आणि कोणाकडे चहा पिऊ नकोस.

लोभ आहेच, भरवसा मात्र अजून यायचा आहे.
तुझी सुधाताई

*

सौंसर
१२ जानेवारी २०२५

ती. सुधाताईस हेमराजचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र शाळेच्या पत्त्यावर आलं. कार्ड लॅमिनेट केल्याचं वाचून दिवसभर वर्गात माझं लक्ष नव्हतं. पूनमपुढे उभं राहताना मला आजही लाज वाटते, हे एकदा लिहून देतो.

आता काम. तीन-चार दिवस हिंडलो, चहा कुठेच घेतला नाही, लोकांना वाटलं मला साखर निघाली. योगेश बसस्टँडमागे खोली करून राहतो. घरमालकीण म्हणते की भाडं वेळेवर, बोलणं गोड, कधी प्यायलेला दिसला नाही. इथेच थांबलो असतो तर मागच्यासारखंच कार्ड झालं असतं. पुढचं तिने दार लोटून सांगितलं. दर रविवारी दुपारी तो मोटारसायकलवर एक लांब काळी पेटी बांधून बोरगावकडे जातो आणि अंधार पडायच्या आत परततो. पेटीत काय म्हणून विचारलं, तर औजारं म्हणाला. इलेक्ट्रिकच्या दुकानात चौकशी केली. तो तिथून मोटारीच्या केबलचे तुकडे नेतो, अधूनमधून, वार-दोन वार लांबीचे.

ताई, लिहावं की नाही असा विचार केला, पण लिहितो. बोरगाव आणि तिगावकडच्या बागांतल्या विहिरींवरून दिवाळीपासून मोटारीच्या केबली चोरीला जाऊन राहिल्या आहेत. तांबं काढून विकतात. कोणत्या बागेत कोणती मोटार, ते बागा तपासणाऱ्यालाच पक्कं माहीत असतं. मी आरोप करत नाही. फक्त तू लिहिलेल्या त्या तारेच्या रेघा डोळ्यांपुढून जात नाहीत.

कळावे, राग कमी करावा, लोभ करावा.
तुझा हेमराज

*

पांढुर्णा
१५ जानेवारी २०२५

चि. हेमराज यास अ. उ. आ.

हात खोटं बोलत नाहीत, हे मी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं. तृप्तीला अजून काही सांगितलं नाही. ती सध्या केस धुऊन गच्चीवर बसते आणि उगाच हसते. तिला पाहिलं की मी तुझं पत्र पदराखाली सरकवते. पत्र पूनमने वाचलं. ती हल्ली बोलतच नाही. घडी घालून परत दिलं.

येत्या रविवारी त्याच्या मागे जा. एकटा जाऊ नकोस असं सांगणार होते, पण दोघे गेले की गाजावाजा होतो. लांबून पाहा. पेटी उघडेल तेव्हा आत काय आहे ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय परतू नकोस.

जपून जा, लोभ ठेव.
सुधाताई

*

सौंसर
२० जानेवारी २०२५

ती. सुधाताईस शि. सा. न. वि. वि.

काल गेलो. बोरगावच्या अलीकडे एक बंद पडलेली कापसाची जिनिंग आहे, नुसता पत्र्याचा उंच शेड उरला आहे. योगेशची गाडी बाहेर उभी. मी मागच्या भिंतीशी जाऊन फटीतून पाहिलं. आत दुसरा माणूस होता, भिवाजी, आपल्या इकडच्या लग्नांच्या बँडमध्ये ड्रम वाजवायचा तो म्हातारा. त्याच्यापुढे संत्र्याची रिकामी पेटी उपडी घातलेली, तिच्यावर बांबू उभा, आणि बांबूच्या टोकापासून पेटीपर्यंत केबलची तार ताणलेली. दुकानातून नेलेली केबल सापडली. बांबू मागे ओढून तो तार छेडतो आणि पेटी धुम् धुम् बोलते.

मग योगेशने काळी पेटी उघडली. आत गिटार होती.

ताई, या वाजवण्याला रॉकाबिली म्हणतात. सत्तर वर्षांपूर्वी अमेरिकेत, कापूस पिकवणाऱ्या मुलखातल्या पोरांनी काढलेलं. योगेश अंगठ्यात प्लास्टिकचं नख चढवतो (वळ त्याचाच) आणि अंगठ्याने जाड तारांवर ठेका धरतो. लहानपणी तिगाव स्टेशनवर आपण मालगाडीचे डबे मोजायचो, रुळांच्या सांध्यांवर तो खटखट आवाज यायचा, अगदी तसा. आणि त्याच हाताची बाकीची बोटं बारीक तारांवर भलतीच मस्तीची चाल वाजवतात. माणूस एक, वाजतात दोघे. डाव्या हाताने तारा इतक्या जोरात दाबाव्या लागतात की बोटांची साल निघते, मग घट्टे पडतात. त्या शेडचा पत्रा प्रत्येक ठोका क्षणभर उशिराने परत देतो, म्हणून तो इतक्या लांब जातो. त्या आवाजात उभं राहिलं की अंगातली सगळी मरगळ जाते. पंचावन्न वर्षांचा मी, माझा पाय आपोआप हलला, खालचा फुटका पत्रा वाजला आणि मी पकडला गेलो.

योगेशने गिटार खाली ठेवली. त्याने हात जोडून सांगितलं की हे तृप्तीच्या घरी त्याला स्वतः सांगायचं होतं, पण वडिलांनी बजावलं आहे की वाजंत्र्याला कोणी मुलगी देत नसते. म्हणून तो हात लपवून राहिला होता.

तुझा लोभ कायम असो.
हेमराज

*

पांढुर्णा
२४ जानेवारी २०२५

चि. हेमराज यास अ. उ. आ.

पत्र तुझंच ना? अक्षर उड्या मारून राहिलं आहे. तिथे चहा घेतलास का, ते आधी सांग.

गिटार वाजवणारा केबल चोरत नाही, असं कुठे लिहिलं आहे? दुकानाच्या पावत्या पाहिल्यास का? आणि जो मुलगा पोह्यांच्या बशीपुढे खोटं बोलला, तो उद्या कशाकशाला बागेतलं काम म्हणेल? या रॉकाबिलीचं नाव तर एखाद्या तापाचं वाटतं. माणूस एखाद्या गोष्टीने इतका झपाटलेला असला की घरातल्या बाईचं काय होतं, ते मी पूनमच्या संसारात एकदा पाहिलं आहे. पुन्हा पाहायची ताकद माझ्यात नाही, हेमराज. तुझं एक साधं कार्ड मला हवं आहे. मुलगा निर्व्यसनी आहे, एवढं लिही आणि सही कर. या वेळी ते खरं असलं पाहिजे.

लोभ आहे म्हणून विचारते.
सुधाताई

*

सौंसर
३ फेब्रुवारी २०२५

ती. सुधाताईस शि. सा. न. वि. वि.

चहा घेतला. भिवाजीने विटांच्या चुलीवर केला होता, नाही म्हणवलं नाही. पावत्या पाहिल्या, तारीखवार आहेत. केबल चोरणारे दोघे बाहेरचे होते, गेल्या आठवड्यात बागवाल्यांनीच पकडले.

पण तुला हवं ते कार्ड मी लिहू शकत नाही. योगेशला व्यसन आहे. सगळा आठवडा तो रविवारची वाट पाहतो, आणि लग्नानंतरही पाहणार, असं त्याने मला तोंडावर सांगितलं. त्याला मी निर्व्यसनी कसा लिहू? शिवाय मला सांगायचा अधिकारही उरला नाही, कारण ते मला लागलं आहे. गेल्या रविवारी आणि काल, दोन्ही दिवस गेलो. त्याच्या जुन्या गिटारवर अंगठ्याचा ठेका शिकून राहिलो आहे. तुझ्या भावजयीने माझी डावी बोटं पाहून तुझ्यासारखाच प्रश्न विचारला, तीन दिवस बोलली नाही. माझी नखं ठिसूळ, तुटतात. योगेशचं प्लास्टिकचं नख एकच आहे, ते मागायला संकोच वाटतो.

माझ्या लिहिण्यावर एकदा भरवसा ठेवून तू भोगलं आहेस. या वेळी ठेवू नकोस. येत्या रविवारी तुम्ही तिघी बोरगावला या आणि स्वतः पाहा.

वाट पाहतो, लोभ घेऊनच या.
हेमराज

*

पांढुर्णा
११ फेब्रुवारी २०२५

ती. हेमराजमामांस पूनमचा सा. न. वि. वि.

मी कोणाला पत्र लिहिल्याला वर्षं झाली, म्हणून चुकलं तर सांभाळून घ्या. रविवारी मी जे केलं त्याचा खुलासा द्यायचा आहे.

तुमचं वाजवणं रंगात आलं होतं. भिवाजीबाबांची पेटी घुमत होती, तृप्ती टाळ्या देत होती, आईचा पायसुद्धा हलत होता (ती नाही म्हणते, मी पाहिलं). तेव्हा मी उभी राहून जोरात ओरडले की बंद करा. तुमच्या हातून ठेका सुटला, आईने पदर तोंडाला लावला. तुम्हाला वाटलं असेल की मला जुनं काही आठवलं. ते खरं आहे, पण ओरडले मी ठरवून.

मामा, तुमचं कार्ड खोटं नव्हतं. तो निर्व्यसनी होता. दारू नाही, तंबाखू नाही, सुपारीचं खांडसुद्धा नाही. एकदा तो मॅच पाहत असताना मी मध्येच सांगायला गेले की सिलिंडर संपलं. त्याने ताट भिंतीवर फेकलं. नंतर नंतर भिंत राहिली नाही, मीच होते. तुम्ही काकाच्या घरी चहा घेतला नसता, अख्ख्या गावाला विचारलं असतं, तरी हे कोणी सांगितलं नसतं, कारण असं कोणी विचारतच नाही.

म्हणून योगेश सगळ्यात जास्त खुशीत असेल, त्या क्षणी मला त्याला थांबवायचं होतं. थांबवलं तेव्हा मी त्याचे हात पाहत होते, आईसारखीच. त्याने तळहात तारांवर हळूच ठेवला. पत्र्यातून शेवटचा ठोका परत आला आणि विरला. मग त्याने विचारलं की ताई, तुमच्या कानाला त्रास झाला का, आणि गिटारला जोडलेल्या बॅटरीवरच्या स्पीकरचा आवाज कमी करून माझ्यासाठी पाण्याची बाटली शोधायला गेला. मी चालू करा म्हणेपर्यंत त्याने गिटार उचलली नाही. आणि उचलली तेव्हा जिथे सोडलं होतं तिथूनच हसत सुरू केलं. मला रडू आलं, ते त्या हसण्याने.

तृप्तीचा होकार आहे, आईचाही आहे. योगेशच्या वडिलांकडे तुम्हीच जा. वाजंत्र्याला मुलगी द्यायची आहे, असंच सांगा.

सोबत एक वस्तू पाठवत आहे, पाकीट नीट झटका. लॅमिनेशनमुळे ते कार्ड चांगलं कडक झालं आहे. मी त्यातून एक त्रिकोण कापला, तुटक्या नखाऐवजी तुम्हाला गिटारच्या तारा छेडायला. कात्री आईनेच दिली, उरलेलं कार्ड मात्र परत खणात ठेवून घेतलं. म्हणाली, हेमराजचा काही नेम नाही. त्रिकोणावर तुमच्या अक्षरातला 'निर्व्यसनी' हा शब्द आला आहे. नेमका तोच मी कापला. आता येत्या रविवारी यानेच वाजवा. मी ऐकायला येते, या वेळी मध्येच थांबवणार नाही.

मामींना नमस्कार. लोभ होताच, तो मी पुन्हा सुरू करते आहे.
तुमची पूनम