चपलांच्या फळ्या

१८ मार्च
लष्करी छावणीत दिवसभर मोजमाप. पाय गळालेत. आर्किटेक्चरला यंदा अडॅप्टिव्ह रियूजचं प्रोजेक्ट : जुनं पाडायचं नाही, त्याला नवं काम द्यायचं. निम्म्या वर्गाने ऐतिहासिक दरवाजे धरलेत, या शहरात दरवाज्यांना काय तोटा. मी आणि बापूने छावणीच्या बाजारातली जुन्या दुकानांची ओळ घेतली. एका दुकानाला अजून शटर नाही, फळ्याच आहेत. चौकटीत खाच, एकामागून एक फळी त्यात सरकवायची, दुकान बंद. फळ्यांवर नंबर कोरलेले. बापू म्हणजे पिशोरच्या मेंढपाळाचं पोर, अडलेलं काहीही ढकललं की सरळ होतं असा त्याचा ठाम विश्वास. भलतीच फळी आधी घातली आणि ती गच्च अडकली. दुकानवाले चाचा म्हणाले, "ज़ोर नको लावू बेटा, नंबर देख. ये क्या मेंढा है?" बापूचं तोंड बघण्यासारखं झालं. चाचांना बिचाऱ्यांना काहीच माहीत नव्हतं.

घरी आले तर आई शिलाई मशीनवर बसून एकटीच हसतेय. यंदा वर्षावासाचं वाचन तिच्याकडे दिलंय! आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी विहारात, माइकसमोर धम्मग्रंथ वाचायचा. आठवी शिकलेली बाई. मग लगेच चेहरा उतरला. गेल्या वर्षी भर वाचनात नाल्याचं पाणी विहारात शिरलं, वाचन कुणाच्या तरी हॉलमध्ये हलवलं, माणसं गळत गेली, शेवटची प्रकरणं कशीबशी उरकली.
"माझ्या वर्षी मोडायला नको बाई," म्हणाली.

११ एप्रिल
ज्युरी झाली. जिवंत आहे. बाहेरच्या ज्युरीबाईंना माझं फळ्यांच्या खाचेचं ड्रॉइंग आवडलं, बाकी प्रोजेक्टवर "ठीक". शेख सर, आमचे गाईड, शेवटी म्हणाले, "पुढच्या सेमला विषय पूर आहे. साईट शोधायला कोकणात जाऊ नको, तुम्हारे घर के पास ही है." सरांना कसं कळलं? मीच सांगितलं असणार. मी कुणालाही काहीही सांगते.

आई रोज मशीन बंद करून मोठ्याने वाचायचा सराव करते. जोडाक्षर आलं की थांबते, पुन्हा मागून येते. पप्पा सेकंड शिफ्टहून येऊन म्हणाले, आता मलाही पाठ झालंय.

२२ जून, रविवार
वंदना झाल्यावर विहाराच्या कमिटीपुढे नकाशा ठेवला. खरात मामा अध्यक्ष, आमच्याच गल्लीतले, मला लहानपणापासून "बाई" म्हणतात. विहाराला दार एकच. उंबऱ्याच्या पुढे आडवी चर खणायची, वर लोखंडी जाळी, पाणी जाळीतून चरीत आणि चरीतून उताराने परत खालच्या अंगाला. मामांनी चष्मा लावून उलटसुलट बघितलं.
"हे तुला कालेजात शिकवलं का?"
"व्हय मामा."
"मग करू."
एवढंच! शीटवर न राहता खरोखर बांधलं जाणारं माझं पहिलं काम. जाळी का असेना. फार खूष आहे.

१० जुलै
आषाढी पौर्णिमा. जाळी बसली, काळा रंग दिलाय. विहार गच्च भरला. आई पांढऱ्या साडीत, चष्म्याची दोरी नवी. पहिलं पान वाचताना आवाज इतका कापत होता की मी खाली बघत बसले. दुसऱ्या पानाला सापडला आवाज. मोठा आहे तिचा आवाज, घरी फक्त मला हाका मारायला वापरते.

२० जुलै, रविवार
शोभा झाली.

दुपारपासून कोसळत होता. वाचन सुरू झाल्यावर थोड्या वेळाने मागच्या रांगेतल्या बायका साड्या सावरून उठायला लागल्या. दारातून पाणी. माझी जाळी असताना! धावत गेले, तर जाळीच दिसेना. चपला. सगळ्या विहाराच्या चपला, दाराबाहेर, जिथे आम्ही सगळे जन्मापासून काढतो तिथेच. म्हणजे बरोब्बर माझ्या जाळीवर. वर पाणी, त्यात काही तरंगतायत, काही जाळीला चिकटून बसल्यात. मी हाताने उपसून बाजूला फेकत होते आणि वरच दोन माझ्या स्वतःच्या.

वाचन थांबलं. आईने ग्रंथ कापडात बांधला, डोक्यावर धरून निघाली. मला काही बोलली नाही. खरात मामा बोलले, "बाई, जाळी झ्याक हाये तुझी. चपला काय गाळून निघाल्या."
रडून झालंय. आता झोपते.

२१ जुलै
शेख सरांना शीट दाखवलं. पहिल्यांदा नुसते बघत राहिले. मी झाडं काढलीत, माणसं काढलीत, दाराशी कुत्रंसुद्धा काढलंय.
"चप्पलें कहाँ हैं?"
मी शीटवरचं दार पुन्हा बघितलं.
"तू उस जगह की है ना? मग?"
तेच तर. परक्या साईटवर गेले असते तर दारातल्या चपलांचा फोटो आधी काढला असता. इथे दर रविवारी पाय चपला आपोआप काढतात, डोकं बघतच नाही.

आई आजपासून पुन्हा विहारात वाचतेय. सतरंजी ओली, मग प्लास्टिकच्या खुर्च्या. निम्म्या रिकाम्या. गेल्या वर्षीसारखं होणार या धास्तीने माणसं आताच मागे सरलीत. आई घरी येऊन म्हणाली, "वाचताना खुर्च्याच दिसत्यात."
मला वाटतं तिने मला ओरडावं. ओरडत नाही.

२६ जुलै
चपलांचं स्टँड! दाराच्या बाजूच्या भिंतीला. जाळी मोकळी राहील. बापूला सांगितलं तर म्हणे, हे सुचायला पाच वर्षं शिकलीस? मग त्यानेच चहा पिता पिता विचारलं, आणि पाणी जाळीच्या वर चढलं तर? तर काय, आत.

संध्याकाळी पोळ्या लाटताना डोक्यात आलं. छावणीतल्या फळ्या. त्या खाचेत उभ्या सरकतात. आडव्या केल्या तर? दाराच्या दोन्ही बाजूंना खाच, पाणी चढेल तशी एकावर एक फळी. आणि त्या फळ्या ठेवायच्या कुठे? माळ्यावर ठेवल्या तर पाणी येईल तेव्हा माळ्याची किल्ली सापडणार नाही, कमिटी मी ओळखून आहे. मग त्याच स्टँडच्या फळ्या! रोज चपला, पूर आला की चपला भिंतीवरच्या खुंट्यांना आणि फळ्या दाराला. पोळी करपली. आई म्हणाली, काय झालं एवढं हसायला?

३० जुलै
छावणीतल्या चाचांनी शटर बसवायला घेतलंय. आधी वाईट वाटलं, आमच्या रियूजचा मूळ नगच गेला. मग लाज सोडून फळ्या मागितल्या. चाचा म्हणाले, "ले जाओ. पर नंबर मत मिटाना." बापूच्या चुलत्याची पिकअप पिशोरहून भाजी घेऊन येते, परत जाताना फळ्या आमच्या गल्लीत टाकल्या. सागवान आहे, मी एकटीने उचलेना.

३ ऑगस्ट, रविवार
कमिटीची बैठक. हे नीट लिहून ठेवायचंय.

मी सगळं समजावलं. खरात मामा मान हलवत होते, मग थांबले.
"म्हंजी ज्याच्यावर चपला ठिवायच्या, त्याच फळ्या विहाराच्या दाराला?"
"हो."
"ते बरं दिसत नाय बाई. पवित्र जागा हाये."
बाकीच्यांनीही माना डोलावल्या. मी वेगळ्या फळ्या, वेगळी खोली असलं काहीबाही बडबडायला लागले. पावसाचे दोन महिने बाकी, आणि हे आता लटकणार.

तेवढ्यात आई मागून उभी राहिली. बैठकीत बोलत नाही कधी.
"मामा, नाल्याचं पाणी आत आलं तव्हा त्याला कुणी इचारलं नाय, तू कुठून आलं. पार बुद्धाच्या पायापातूर गेलं. अन फळीला इचारता व्हय? आपल्याच चपलेचा आपल्यालाच विटाळ? ते खूळ सोडूनच तर आपली माणसं बुद्धाकडं आली ना."

मामांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.
"धुऊन तर लावशील?" शेवटी मामाच म्हणाले.
"पावसात लावायच्या हायेत मामा. आपसूक धुऊन निघतील," आई म्हणाली.
सगळे हसले. मामा सगळ्यात शेवटी, पण हसले.

मला आई म्हणून माहीत असलेल्या बाईला मी आज पहिल्यांदा बघितलं. घरी येताना तिचा हात धरून चालले, लई वर्षांनी. म्हणाली, "सोड, घाम आलाय."

१७ ऑगस्ट
सुताराने खाचा बसवल्या. चाचणी घेतली : बापू बाहेरून बादल्या ओततोय, मी आतून बघतेय. पहिल्यांदा फळ्यांच्या मधून धारा. मग कडांना सायकलची जुनी ट्यूब कापून ठोकली. आता नुसतं पाझरतं, फडक्याने टिपता येईल एवढं. गल्लीतली पोरं फळ्या लावण्याची शर्यत लावतायत. नंबर बघूनच लावतात, बापूपेक्षा हुशार.

शेख सर येऊन गेले. वाकून खाच बघितली, बोट घातलं. अट एकच : "तिसरी फळी लावायची वेळ आली की माणसं आत नकोत. सगळे आतल्या जिन्याने गच्चीवर. पानी से शर्त नहीं लगाना." मोठ्या अक्षरात लिहून दाराच्या आत चिकटवलंय. खुर्च्या अजून पूर्ण भरत नाहीत. लोक म्हणतात, बघू एका पावसात.

१४ सप्टेंबर, रविवार
दाराशी बसून लिहितेय, वहीवर शिंतोडे उडतायत.

सकाळपासून धरलाय. नाला संध्याकाळी बाहेर आला. वाचन सुरू होऊन थोडाच वेळ झाला होता. मामा स्वतः उठले, चपला खुंट्यांना टांगल्या, सगळ्यांच्या, एकेक करून, पहिली फळी काढून माझ्या हातात दिली. मग दुसरी. आई थांबली नव्हती, फक्त आवाज वाढवला.

पाणी पहिल्या फळीच्या वर गेलंय. दुसरीला लागलंय. आत पाझर आहे, मामा आणि बापू आळीपाळीने पुसतायत. म्हाताऱ्यांना आधीच गच्चीच्या जिन्याजवळ बसवलंय. पाऊस कमी झाल्यासारखा वाटतो, मग पुन्हा वाढतो. तिसरी फळी माझ्या मांडीला टेकून उभी आहे. चाचांचा नंबर हाताला लागतो.

आत्ता खुर्च्या बघितल्या. एकही रिकामी नाही, पोरं खालीही बसलीत. कधी आले हे सगळे?

प्रकरण संपायला थोडं राहिलंय. आई पान संपलं की चष्म्यावरून माझ्याकडे बघते. मी बाहेर वाकून पाणी बघते आणि दोन बोटं दाखवते, म्हणजे अजून दुसरीच. मग ती पुढचं पान उलटते.

पुन्हा बघतेय माझ्याकडे. थांब, पाणी बघते.